पाऊण सेंटिमीटर सागवान

मिस्त्री,

टक्. थोडं थांबून पुन्हा टक्. तुमच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर तयार पॅटर्नवर, ओतकामाच्या लाकडी नमुन्यावर, पडायचं आणि अख्खा शॉप गप्प व्हायचा. पलीकडे भट्टी घोंघावत असायची, क्रेनची साखळी खडखडायची, पण आम्हा शिकाऊ पोरांना त्या घडीला तेवढंच ऐकू यायचं. मान कलती करून, डोळे मिटून तुम्ही लाकूड ऐकायचात. सांधा नीट बसला असेल तर आवाज भरीव, सरस कुठे सुटला असेल तर पोकळ. भरीव आला की तुम्ही नुसतं ‘हं’ म्हणून पुढच्या टेबलाकडे वळायचात. त्या एका ‘हं’साठी मी शिरोलीच्या फाउंड्रीत उभा जन्म काढला असं म्हटलं तरी खोटं होणार नाही. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमचा चेहरा आठवायला मला आधी तुमच्या कानावरचा पेन्सिलीचा तुकडा आठवावा लागतो, मग कान, मग हळूहळू बाकीचे तुम्ही.

आज लिहायला बसलो ते एक विजय सांगायला आणि एक चूक सांगायला. विजय सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. चूक तेवढी तुम्हालाच कळेल.

मी तुमच्याकडे आलो तेव्हा माझ्या डोक्यातली शाळा सुटली नव्हती. क्रमिक पुस्तकातल्या कविता पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाठ, गुरुजींनी टेबलावर ताल धरून म्हणवून घेतलेल्या. रंदा हातात आला की त्या आपोआप ओठांवर यायच्या. एक ओळ म्हणजे फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक ओढ. ओळ संपली की रंदा उचलायचा, पुढची ओळ, पुढची ओढ. तुम्ही लांबूनच ओरडायचात, “कवीबुवा, रंदा मारतोयस का पाळणा म्हणतोयस रं?” पोरं खिदळायची. मग एक दिवस मी लाजून गप्पच राहिलो, तर तुम्ही जवळ आलात, खाली पडलेल्या तुकड्यातुकड्यांच्या ढलप्या पायाने सारल्यात आणि म्हणालात, “म्हण की. गप का? कविता म्हणतोस तवा ढलपी अखंड निघतीया तुझी.” मिस्त्री, शाळेत कवितेला बक्षीस मिळालं होतं मला, पण कौतुक म्हणाल तर ते हेच.

आणि ती दुपार. लोखंड वितळलेलं असतं तेव्हा फुगलेलं असतं, गार होताना आखडतं, म्हणून त्याचा लाकडी पॅटर्न मुळातच जरा थोराड करायचा, हे तुम्ही मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. त्यासाठी आपल्याकडे वेगळी पट्टी असायची. दिसायला साध्या पट्टीसारखीच, पण आकडे जरा पसरून कोरलेले. तिच्यावरचे शंभर म्हणजे खरे एकशे एक. आपण तिला वाढीव पट्टी म्हणायचो. मी पंपाच्या झाकणाचा पॅटर्न साध्या पट्टीने केला. ओतकाम झालं, झाकण गार झालं, आणि बसवायला गेलो तर पंपाच्या तोंडात ते खुळखुळायला लागलं. तुम्ही ओरडला नाहीत. जेवणाच्या सुट्टीत मला त्या झाकणासमोर बसवलंत. “इचार त्येला, का रं बाबा बारीक झालास? काय म्हणतोय त्ये मला येऊन सांग.” डबा मांडीवर घेऊन मी सुट्टीभर त्या झाकणाकडे बघत राहिलो. भोंगा झाल्यावर तुम्ही विचारलंत, “काय म्हणाला?” मी म्हणालो, “चुकीची पट्टी उचलली म्हणाला.” “कुणी?” “मी.” तुम्ही म्हणालात, “हं.” तो माझा पहिला.

काम सोडताना तुम्ही तुमची वाढीव पट्टी मलाच दिलीत. भोकात लाल दोरा बांधून दिलात, म्हातारपणी डोळे दगा देतील, तेव्हा हाताला तरी कळावं म्हणून. तो दोरा झिजून कधी गळून पडला ते मला कळलंही नाही. हे ध्यानात असू द्या.

आता सूनबाईचं सांगतो. तुम्ही तिला पाहिलेलं नाही. वारणानगरची, कामगार वसाहतीत वाढलेली, कबड्डीत चढाई करणारी पोर. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती, कामावरून येताना दुचाकी घसरली आणि कमरेखालचं अंग गेलं. हलत नाही आणि कळतही नाही. त्यानंतरचं एक वर्ष ती भिंतीकडे तोंड करून होती. पैपाहुणे यायचे, चहा प्यायचे आणि तिला ऐकू जाईल एवढ्याच हळू आवाजात म्हणायचे, “माहेरी धाडा की. आईबाप करतील तिचं.” माझा मुलगा अशा वेळी उठून बाहेर जायचा. आमची मंडळी कपबशा जरा जोरात उचलायची. मी काय करायचो? मी खिडकीतून बाहेर बघत मनातल्या मनात कविता म्हणायचो. त्याचा अभिमान नाही मला.

एके दिवशी सूनबाई चाकाच्या खुर्चीत, स्वयंपाकघरात, मांडीवर ताट घेऊन तांदूळ निवडतेय. समोर लांबच्या नात्यातली एक पाहुणी. ती म्हणते, “असू दे बाई, बसून का हुईना, तांदूळ तरी निवडून हुत्यात.” सूनबाईने तांदूळ शांतपणे पदरात ओतले आणि ते रिकामं स्टीलचं ताट मागच्या दारातून भिरकावलं. पाहुणीच्या कानाजवळून गेलं ते, परसातल्या पेरूवरून, आणि पलीकडच्या भिंतीवर जाऊन ठाणकन आपटलं. आमची मंडळी ओरडली, “अगं माझं रुखवतातलं ताट!” पण मिस्त्री, मी दारात उभा होतो आणि मी ते ताट जाताना पाहिलं. ते डुगडुगलं नाही. पाण्यावरून सरकावं तसं आडवं, सपाट गेलं. रागाने फेकलेली वस्तू अशी जात नाही, ती कोलांट्या खाते. इथे हातात काहीतरी होतं. मी भिंतीपाशी गेलो, ताट उचललं, आणून तिच्या मांडीवर ठेवलं.

“पुन्यांदा टाक.”

“मामा, चेष्टा करताय व्हय माझी?”

“न्हाय. हात बघायचाय.”

पाहुणी चहा न घेताच गेली. संध्याकाळपर्यंत घरातल्या तीन ताटांना पोचे पडले, आमची मंडळी कपाळाला हात लावून पायरीवर बसली, आणि सूनबाई वर्षभरानंतर पहिल्यांदा घामाघूम होऊन हसली.

पुढे राजारामपुरीजवळच्या एका शाळेच्या मैदानावर एक क्रीडाशिक्षिका भेटली. तिने सांगितलं, अशा खेळाडूंची थाळीफेक बसून होते. जमिनीला साखळ्यांनी आवळलेली खुर्ची, खुर्चीला पट्ट्यांनी बांधलेलं शरीर. एका हाताने समोरचा उभा दांडा धरायचा आणि दुसऱ्या हाताने एक किलोची थाळी फेकायची. पायांचं काम खांद्याने करायचं. सूनबाईचा खांदा कबड्डीचा, जोर उदंड, पण घाई फार. झोका पुरा व्हायच्या आधीच थाळी सुटायची. शिक्षिका सांगून दमली. एका सकाळी मी बाजूला बसून बघत होतो, माझे ओठ हलत होते, आणि एकदम माझ्या लक्षात आलं की ही ओळ मधेच तोडतेय. मी उठून तिला शाळेतल्या एका कवितेची ओळ शिकवली. दोन आखूड ठेके, दोन झोके. मग एक लांब सूर, आणि सूर संपेल तिथे थाळी सोडायची. ती म्हणाली, “मामा, शाळेत कवितेत मी कधी पास झालो न्हाय.” तुम्हाला माहीतच आहे, आपल्याकडच्या बायका बोलताना ‘झालो’च म्हणतात. मी म्हटलं, “आता हुशील.” महिन्याभरात तिची थाळी मैदानाच्या कडेच्या गवतात पडायला लागली.

जिल्हा झाला, राज्य झालं, ते सगळं उसन्या डगमगत्या खुर्चीवर. मग देशाच्या संघाची निवड चाचणी आली. एक अंतर ठरवून दिलेलं. त्याच्या पलीकडे थाळी गेली तर परदेशी स्पर्धेला जायचं, नाहीतर घरी. संघ त्याच दिवशी ठरणार होता. मी म्हटलं, या वेळी खुर्ची माझी. मुलाने शिरोलीतून पाइपचा सांगाडा जोडून आणला. बसायची फळी मी केली, जुन्या पॅटर्नसाठी राखून ठेवलेल्या जाड सागवानाची. तिच्यावर गादी, कारण तिच्या कातडीला कळत नाही. कठीण जागेवर बसली की जखम होते आणि ती महिनोन्‌महिने भरत नाही. नियम असा की गादीसकट उंची पंचाहत्तर सेंटिमीटर, त्यावर केसभर नको. जेवढं उंच बसावं तेवढी थाळी लांब जाते, म्हणून मी पुरे पंचाहत्तर भरवले. ड्रॉवर उघडला, पट्टी उचलली, मापली, दोनदा मापली.

दीड दिवस रेल्वेने गेलो. सूनबाई, शिक्षिका आणि मी. मैदानावर खुर्च्या मोजायला एक पंच बाई, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. तिने टेप लावली, पुन्हा लावली, खाली वाकून तिसऱ्यांदा लावली. “बाबा, ऊंची ज़्यादा है. पौन सेंटिमीटर. नहीं चलेगी.” मी म्हटलं, होणं शक्य नाही, मी चाळीस वर्षं मापं घेतलीत. पिशवीतून पट्टी काढून दिमाखात तिच्या टेपशेजारी धरली. शून्याला शून्य लावलं. आणि मिस्त्री, वर जाता जाता दोन्हींचे आकडे एकमेकांपासून फारकत घेत गेले. तिचा पंचाहत्तर खाली राहिला, माझा वर गेला. माझ्या हातात तुमची वाढीव पट्टी होती. लोखंड आखडेल म्हणून वाढवून दिलेलं माप मी एका माणसाच्या बैठकीला दिलं होतं, आणि माणूस काही गार होऊन आखडत नाही.

“अर्ध्या तासात दुरुस्त करून आणा, मी परत मोजते. नाही तर नाव काढावं लागेल,” ती हिंदीतून म्हणाली. रागाने नाही, तिचं बरोबरच होतं. शिक्षिका वेळ वाढवून मागायला धावली. सूनबाई म्हणाली, “गादी काढा मामा. नुसत्या फळीवर बसून टाकतो मी.” मी म्हटलं, “न्हाय.” “आवो एक दिवसाचा प्रश्न हाय!” “तुझ्या कातडीचा हाय. न्हाय म्हंजे न्हाय.” सासरा म्हणून मी तिच्यावर आवाज चढवलेला तेवढा एकदाच. मी खुर्चीचे स्क्रू काढले, फळी वेगळी केली आणि पिशवीतून रंदा बाहेर काढला. दुरुस्तीला लागेल म्हणून हत्यारं बरोबर असतातच माझ्या. पाऊण सेंटिमीटर सागवान अर्ध्या तासात हाताने उतरवायचं. पण फळी आवळून धरायला शिकंजा कुठला तिथे? सिमेंटच्या पायरीवर ठेवली तर रंद्यासरशी पुढे पळायची.

तेवढ्यात हरियाणाची एक खेळाडू खुर्ची ढकलत आली. प्रत्येक स्पर्धेत सूनबाईच्या पुढे राहिलेली, तिच्या नावाने सूनबाई घरी दात ओठ खायची ती. “के हुआ ताऊ?” तिने विचारलं, फळी बघितली, पंच बाईंकडे बघितलं, आणि आपल्या चाकांना ब्रेक लावून फळीचं एक टोक दोन्ही हातांनी पकडलं. दुसरं टोक सूनबाईने. देशातल्या दोन सगळ्यात ताकदवान खांद्यांत माझी फळी अडकली. “पकड लिया ताऊ. चला!”

पहिलीच ओढ अडकली. उलट्या रेषेने लाकूड उपटलं. फळी फिरवली. दुसरी ओढ गेली, पण ढलपी तुटकी. दम लागला, घाम डोळ्यांत गेला, हात सत्तरी पार केलेले. सूनबाई ओरडली, “मामा, कविता म्हणा की!” आणि मला एकही ओळ आठवेना. आयुष्यभर जी माझ्या ओठांवर होती ती सगळी शाळा त्या मैदानावर कुठे गेली कोण जाणे. तेव्हा सूनबाईनेच सुरू केली, मी शिकवलेली तीच ओळ, बेसूर, मैदानभर ऐकू जाईल अशी. हरियाणाच्या पोरीला शब्द कळत नव्हते पण ठेका कळला. ती मानेने ताल धरून “हां ताऊ, हां” करायला लागली. आणि ढलपी सुटली, मिस्त्री. अखंड, लांबलचक, वळ्यावळ्यांची. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. आमच्या पायांत सागवानाचा ढीग झाला. बाकीचे खेळाडू, स्वयंसेवक भोवती जमले. मी मधे थांबून फळीवर पेर वाजवलं, भरीव वाजली, पुन्हा लागलो. स्क्रू पिळले, गादी बांधली. पंच बाईंनी टेप लावली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “ठीक है, बाबा. कुर्सी अच्छी बनाई है.”

ओळीने सहा फेकी असतात. पहिली जाळीत गेली. दुसरी आखलेल्या जागेच्या बाहेर. तिसरी, चौथी बरोबर पडल्या, पण ठरलेल्या अंतरावर एक लाल निशाण होतं, त्याच्या अलीकडे. मला दिसत होतं, ती पुन्हा ओळ तोडत होती. मी कुंपणाला धरून ओरडलो, “सूर पुरा कर! पुरा!” एक स्वयंसेवक म्हणाला, “बाबा, शांती रखो.” शांती कसली. पाचव्या वेळी तिने डोळे मिटले. तिचे ओठ हलले. एक आखूड झोका, दुसरा आखूड झोका, आणि मग ती मागे एवढी गेली की आता पट्ट्या तुटणार असं वाटलं, आणि सूर संपला तिथे हात उघडला. थाळी आडवी गेली, सपाट. डुगडुगली नाही. निशाणाच्या हातभर पलीकडे तिने जमिनीवर घाव घातला. फेक बरोबर असल्याचं पांढरं निशाण वर झालं, शिक्षिका किंचाळली, आणि सूनबाईने बांधलेल्या अवस्थेतच दोन्ही हात वर केले. सहावी तर तिने हसत फेकली आणि ती सगळ्यांच्याच पुढे गेली. हरियाणाची पोर आधीच लाल निशाण ओलांडून संघात गेलेली होती, आता तिचा नंबर दुसरा लागला. स्वतःच्या चाकावर थाप मारून ती मला म्हणाली, “ताऊ, तेरा फट्टा पकड़ के गलती कर दी मैंने!” मग दोघी गळ्यात गळा घालून रडल्या आणि मला शिव्या घालत हसल्या.

कोल्हापूर स्टेशनवर हलगी होती. गल्लीत गुलाल होता. ‘तांदूळ तरी निवडून हुत्यात’ म्हणणारी पाहुणी सगळ्यांच्या पुढे हार घेऊन उभी, सूनबाईने मान वाकवून तो घालूनही घेतला आणि तिच्या कानात काहीतरी म्हणाली. काय म्हणालीस म्हणून विचारलं तर म्हणते, “ते बायकांचं हाय मामा.” आमच्या मंडळींनी त्याच पोचे पडलेल्या ताटात निरांजन ठेवून ओवाळलं. ते कलंडत होतं, म्हणून मुलाने खालून हात धरला. तो रडत होता आणि निरांजनाच्या धुराला दोष देत होता.

तर असं आहे. आता राहिलेलं सांगतो. मैदानावर सूनबाईने मला विचारलं होतं, “मामा, झालं कसं वो हे?” आणि मी म्हणालो होतो, “त्यांची टेप जुनी असंल.” ती गोष्ट आता घरात रुळली आहे. आलेल्या प्रत्येकाला मुलगा सांगतो, मापात खोट त्यांच्या टेपची आणि भोगावं लागलं आमच्या बापाला. लोक त्या पंच बाईंना नावं ठेवतात, चुकचुकतात, आणि मी, मिस्त्री, मी मान डोलावतो. बिचारीचं माप केसाइतकंही चुकलेलं नव्हतं. हे तुम्हाला सांगणं सोपं आहे. तुम्हाला पत्ता नाही, पत्र कुठे टाकायचं नाही, आणि स्वयंपाकघरातून सूनबाईचा आवाज तुमच्यापर्यंत येत नाही. तिला अजून सांगितलेलं नाही.

दार वाजतंय. थांबा, बघून येतो.

आलो. एक बाई आहेत. ओळखीच्या नाहीत. पन्नाशीच्या, काखेत काठी, एक पाय लहानपणापासून वाळलेला असावा असा. एसटीतून उतरून चालत आल्यात, पदराने तोंड पुसतायत. म्हणाल्या, “थाळीवाल्या सूनबाई हितंच ऱ्हात्यात न्हवं?” मी म्हटलं, “व्हय, आत हाय. बोलावतो.” तर म्हणाल्या, “तिच्याकडं काम न्हाय पावणं. थाळी टाकायची खुर्ची तुम्ही करता न्हवं? मला एक पायजे.”

“कुणासाठी?”

“कुणासाठी म्हंजे? माझ्यासाठी. उभा जलम शेणी थापल्यात, हात बघा की.” आणि काठी भिंतीला टेकवून त्यांनी दारातच उजवा हात कोपरापर्यंत पुढे केला. “का वो, वयाची अट हाय व्हय?”

सूनबाई आतून खुर्ची ढकलत आलीच आहे. ती त्यांचा दंड चाचपून बघतेय.